ह्युएनत्संगाच्या पाठीवरचें ओझें

चीन आणि जपान या देशांत एका प्रवासी भिक्षूचें चित्र फार लोकप्रिय आहे. भिक्षु पायीं चालला आहे. त्याच्या एका हातांत चवरी आहे आणि पाठीवर बांबूची उंच चौकट बांधलेली आहे. त्या चौकटींत ग्रंथांच्या गुंडाळ्या खचून भरल्या आहेत. चौकटीचा माथा पुढें वांकून त्याची भिक्षूच्या डोक्यावर छत्री झाली आहे, आणि छत्रीच्या कडेला टांगलेलें एक लहानसें पात्र त्याच्या तोंडापुढें लोंबत आहे. जपानच्या कामाकुरा काळांत रंगविलेलें असें एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांतूनही हाच प्रवासी याच थाटांत उभा असतो. हा भिक्षु म्हणजे हर्षवर्धनाच्या काळीं हिंदुस्थानांत आलेला ह्युएनत्संग, असें मानण्याची चाल पडून गेली आहे.

चित्र मोठें बोलकें आहे. पण इतिहासाच्या कसोटीला तें सर्वस्वीं उतरत नाहीं. तें ह्युएनत्संगाच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनीं काढलेलें आहे. शिवाय त्यांतील गुंडाळ्या चिनी पद्धतीच्या आहेत. हिंदुस्थानांतून नेलेल्या पोथ्या तशा नसत. त्या ताडपत्राच्या किंवा भूर्जपत्राच्या सुट्या पानांच्या असत. वर-खालीं फळ्या लावून दोरानें आवळलेल्या आणि बासनांत बांधलेल्या. आणखी असें कीं, ह्युएनत्संगानें नेलेल्या पोथ्या एका माणसाच्या पाठीवर मावण्यासारख्या नव्हत्याच. त्या वाहून न्यावयाला वीस घोडे लागले. मग पाठीवर चौकट घेतलेल्या एकट्या वाटसरूचें हें रूप लोकांच्या मनांत इतकें कां ठसलें? याचा उलगडा त्या ओझ्याच्याच हकीकतींत शोधला पाहिजे. ती हकीकत दोन ग्रंथांत मिळते. एक ह्युएनत्संगाचें स्वतःचें प्रवासवर्णन; दुसरें त्याचें चरित्र. हें चरित्र हुइ-ली नांवाच्या भिक्षूनें लिहावयास घेतलें व येन-त्सुंग यानें ६८८ सालीं पुरें केलें. गुरूचें चरित्र म्हणून त्यांत चमत्कारांचा रंग पुष्कळ आहे; पण सामानाची गोष्ट निघाली कीं चरित्रकार एखाद्या कारकुनासारखा हिशेबी होतो, हें वाचकाच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं.

ह्युएनत्संग चांगआनहून निघाला तो ६२९ सालीं. कांहीं संशोधक ६२७ हें साल धरतात. त्या वेळीं चीनच्या प्रजेला सरहद्द ओलांडून जाण्याची मनाई होती. त्यानें परवानगी मागितली, ती मिळाली नाहीं. तेव्हां तो चोरून निघाला. हेतु एकच होता. बौद्ध धर्मग्रंथांचीं चिनी भाषांतरें एकमेकांशीं जुळत नव्हतीं, आणि मूळ संस्कृत ग्रंथ, विशेषतः योगाचार पंथाचे, मिळविल्याखेरीज तो घोळ मिटण्याजोगा नव्हता. म्हणजे प्रवासाला निघतांना त्याच्या मनांत जें ओझें होतें, तें आणावयाच्या पुस्तकांचें. नेण्यासारखें जवळ फारसें कांहीं नव्हतें.

सरहद्दीजवळ त्याला एक म्हातारा भेटला. त्याच्यापाशीं तांबड्या रंगाचा एक हाडकुळा, वयस्क घोडा होता. हा घोडा वाळवंटापलीकडील हामीपर्यंत पंधरा वेळां जाऊन आला आहे, असें म्हाताऱ्यानें सांगितलें. ह्युएनत्संगानें आपला तरणा घोडा देऊन तो म्हातारा घोडा घेतला. पुढें वाटाड्याही सोडून गेला. वाळूंत पडलेलीं हाडें आणि जनावरांच्या लिदीच्या खुणा पाहत तो एकटाच चालूं लागला. सरहद्दीवरील चौक्यांपैकीं पहिल्या चौकीवर त्याच्या गुडघ्याला चाटून बाण गेला. परंतु तेथील अधिकारी धर्मशील निघाला. चौथ्या चौकीच्या अधिकाऱ्यानें त्याला पाण्याची एक मोठी कातडी पखाल भरून दिली आणि पांचवी चौकी टाळून एका झऱ्याच्या रोखानें जाण्यास सांगितलें.

वाळवंटांत तो वाट चुकला. झरा कांहीं सांपडेना. तहान लागली म्हणून त्यानें पखाल उचलली, ती जड होती, हातांतून निसटली, आणि शेंकडों कोसांची बेगमी क्षणार्धांत वाळूनें पिऊन टाकली. त्यानें घोड्याचें तोंड पूर्वेकडे फिरविलें. दहा ली, म्हणजे अदमासें तीन मैल, गेल्यावर त्याला आपली प्रतिज्ञा आठवली: हिंदुस्थानांत पोंचल्याशिवाय पूर्वेकडे एकही पाऊल टाकावयाचें नाहीं. तो पुन्हां वळला. चार रात्री व पांच दिवस पाण्याचा थेंबही त्याच्या घशांत गेला नाहीं. पांचव्या रात्रीं गार वारा सुटला, घोडा उठून उभा राहिला. थोडें अंतर गेल्यावर तो एकाएकीं दुसऱ्याच दिशेला वळला, आणि कितीही लगाम खेंचला तरी ऐकेना. कांहीं ली गेल्यावर हिरवें गवत लागलें आणि त्याच्याजवळ पाण्याचें तळें. चरित्रकार याचें श्रेय बोधिसत्त्वाला देतो. पण पंधरा वेळां त्या वाटेनें गेलेल्या जनावराला पाण्याची जागा आठवली, असें म्हणण्यास काय हरकत आहे? त्या सबंध प्रवासांत पहिल्यानें उपयोगी पडलेली स्मरणशक्ति ही एका घोड्याची होती.

हामीहून तो तुर्फानला, म्हणजे तेव्हांच्या गाओचांग राज्यांत, आला, आणि तेथें त्याच्या सामानाची स्थिति एकदम पालटली. तेथील राजा त्याला सोडावयालाच तयार होईना. आपल्या राज्यांत राजगुरु होऊन राहा, म्हणून त्यानें हट्ट धरला. ह्युएनत्संगानें तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केलें, तेव्हां राजा नमला. परतीच्या वेळीं तीन वर्षें आपल्यापाशीं राहावें, एवढें वचन त्यानें घेतलें, आणि मग वीस वर्षें पुरेल अशी शिदोरी बांधून दिली. चरित्रांत तिची यादी आहे. भिक्षूचे वस्त्रांचे तीस जोड, थंडीसाठीं तोंडावरचीं आच्छादनें, हातमोजे, कातडी बूट व पायमोजे, शंभर औंसांच्या सुमारास सोनें, तीस हजार चांदीचीं नाणीं, पांचशें ठाण रेशमी कापड, तीस घोडे, पंचवीस नोकर, आणि सोबतीला चार श्रामणेर. याखेरीज वाटेवरील चोवीस राजांना चोवीस पत्रें, आणि प्रत्येक पत्रासोबत रेशमाचें एक ठाण नजराणा म्हणून. आजच्या काळीं परराष्ट्रांत जाणारा मनुष्य जी कागदपत्रें बाळगतो, त्यांचें काम त्या चोवीस पत्रांनीं केलें. मैदानांतून आलेला एकटा चोरटा वाटसरू येथून पुढें एका तांड्याचा धनी झाला.

पण पर्वतांना राजाचीं पत्रें वाचतां येत नाहींत. तिएनशान पर्वताची बर्फाळ खिंड ओलांडावयाला सात दिवस लागले. भांडें ठेवावयाला कोरडी जागा नाहीं. मडकें टांगून शिजवावें आणि बर्फावरच अंग टाकावें. त्या सात दिवसांत दर दहा माणसांतील तीन-चार थंडीनें व उपासानें मेलीं. बैल व घोडे त्याहूनही अधिक गेले. तुर्फानच्या राजानें दिलेल्या हातमोज्यांची किंमत तेव्हां कळली असेल.

समरकंद, बाल्ख, बामियान, कपिशा या मार्गानें तो गांधारांत उतरला. काश्मीरांत त्यानें दोन वर्षें अध्ययन केलें. तेथून पंजाबांत येतांना शाकल नगरीच्या पुढें एका पळसाच्या रानांत पन्नास दरोडेखोरांनीं तांडा गांठला. वस्त्रांसुद्धां सर्व कांहीं काढून घेऊन त्यांनीं सर्वांना एका कोरड्या तळ्यांत हाकललें. ह्युएनत्संग एका श्रामणेराबरोबर कांटेरी झुडपांतून निसटला. शेत नांगरीत असलेल्या एका ब्राह्मणानें ती हकीकत ऐकून शंख फुंकला, ढोल वाजविला, ऐंशी माणसें गोळा केलीं आणि सर्वांची सुटका केली. सोबती रडत होते. ह्युएनत्संग मात्र हंसत होता. जीव वांचला तोच मोठा ठेवा, बाकीच्या वस्तूंचें काय एवढें, असें त्याचें म्हणणें. हा मनुष्य सामानाविषयीं किती निरिच्छ होता, हें येथें दिसतें. मात्र त्याच्याजवळ अजून ग्रंथांचा संग्रह व्हावयाचा होता. तो झाल्यावर हानीच्या प्रसंगीं तो असा हंसल्याचें कोठें आढळत नाहीं.

नालंदेला तो सुमारें पांच वर्षें होता. आचार्य शीलभद्र हे तेव्हां अतिशय वृद्ध होते. त्यांच्यापाशीं त्यानें योगाचारशास्त्राचें श्रवण केलें आणि पोथ्या मिळविल्या. पुढें बंगाल, ओरिसा करीत तो दक्षिणेंत कांचीपर्यंत गेला आणि तेथून पश्चिमेकडे वळून ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला. मराठी वाचकाला हा भाग विशेष जवळचा वाटावा, हें साहजिकच आहे. येथील लोक उंच, स्वाभिमानी. उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे. पण सूड घेण्यापूर्वीं शत्रूला आगाऊ सूचना देणारे, असें तो सांगतो. पराभूत सेनापतीला येथें शिक्षा नाहीं. त्याला बायकांचीं वस्त्रें नेसवितात. लढाईपूर्वीं योद्धे आणि हत्ती यांना मद्य पाजतात. राजा पुलकेशी असून उत्तरेच्या हर्षालाही त्याला नमवितां आलें नाहीं. या शेवटच्या गोष्टीला ऐहोळ येथील ६३४ सालच्या शिलालेखाचा दुजोरा आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत कोरलेला एक विहार त्यानें वर्णिला आहे. त्याच्या द्वाराबाहेर डाव्या-उजव्या बाजूस दगडी हत्ती उभे आहेत. अजंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशीं असलेले दोन हत्ती ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना या वर्णनाची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं.

परतीचा प्रवास ६४३ सालीं सुरू झाला. कनोजची धर्मसभा झाली, प्रयागचा दानोत्सव झाला. हर्षानें आणि कामरूपाचा राजा भास्करवर्मा यानें त्याच्यापुढें संपत्तीचे ढीग मांडले. त्यांतून त्यानें एकच वस्तु घेतली: भास्करवर्म्यानें दिलेली लोंकरी घोंगडीसारखी एक पांघरी; वाटेंत पाऊस लागेल म्हणून. मग हर्षानें वाटखर्चासाठीं एक मोठा हत्ती, तीन हजार सोन्याचीं व दहा हजार चांदीचीं नाणीं मागून पाठविलीं, तीं त्यानें ठेवून घेतलीं. स्वतःसाठीं पांघरी आणि पोथ्यांसाठीं हत्ती, असा हा हिशेब दिसतो.

सिंधु नदीवर तो हिशेब चुकला. ह्युएनत्संग हत्तीवर बसून उतारानें नदी पार झाला. पोथ्या, मूर्ति आणि सोबतची मंडळी नावेंत होतीं. पोथ्यांवर लक्ष ठेवावयाला एक माणूस नेमला होता. नदीच्या मध्यावर वारा सुटला, लाटा उसळल्या, नाव कलली. पोथ्यांचा रखवालदार भीतीनें पाण्यांत पडला. लोकांनीं त्याला बाहेर काढलें. परंतु पोथ्यांचीं पन्नास बासनें आणि निरनिराळ्या फुलांचें बियाणें नदींत गेलें. पलीकडच्या तीरावर कपिशेचा राजा स्वागताला आला होता. त्यानें विचारलें, फुलांचें बीं बरोबर होतें काय? होतें, असें ऐकल्यावर तो म्हणाला, मग कारण तेंच; हिंदुस्थानांतील फुलांचें बीं घेऊन जाऊं पाहणाऱ्याला ही नदी असेंच करते. सिंधूविषयींची ही समजूत ह्युएनत्संगाला ठाऊक नव्हती असें नाहीं; रत्नें, दुर्मिळ फुलें व अवशेष नेणाऱ्यांच्या नावा तेथें उलटतात, असें त्याच्या स्वतःच्या प्रवासवर्णनांतही आहे. तरी त्यानें बीं घेतलें होतें. धर्मग्रंथांच्या गठ्ठ्यांत फुलांचें बीं बांधणारा हा भिक्षु शुष्क पंडित नव्हता, एवढें त्यावरून म्हणतां येईल.

नुकसान झालें म्हणून तो तसाच पुढें गेला नाहीं. नदीकांठच्या नगरींत पन्नासाहून अधिक दिवस थांबून त्यानें उद्यान देशांत माणसें पाठविलीं आणि काश्यपीय पंथाच्या त्रिपिटकाची नक्कल करून आणविली. पुढें पामीर ओलांडल्यावर पुन्हां दरोडेखोर आले. बरोबरचे व्यापारी डोंगरांत पळाले आणि त्या गोंधळांत हर्षाचा हत्ती पाण्यांत बुडून मेला. खोतानला पोंचल्यावर त्यानें चीनच्या सम्राटाला पत्र लिहिलें. आज्ञेवांचून देश सोडल्याची कबुली दिली, आणि हत्ती बुडाला, पोथ्या पुष्कळ आहेत, वाहतुकीला जनावरें नाहींत, म्हणून येथें थांबलों आहें, असें कळविलें. उत्तराची वाट पाहण्यांत सात-आठ महिने गेले. तेवढ्यांत त्यानें नदींत गेलेल्या ग्रंथांच्या शोधार्थ कूचा व काश्गर येथें माणसें धाडलीं. तुर्फानच्या राजाला दिलेलें वचन पाळण्याचा प्रसंग मात्र आला नाहीं. तो राजा ६४० सालीं वारला होता आणि त्याचें राज्यही त्याच वर्षीं चीननें जिंकून घेतलें होतें.

६४५ च्या आरंभीं ह्युएनत्संग चांगआनला पोंचला. वीस घोड्यांवर सहाशें सत्तावन ग्रंथ होते, बासनें पांचशें वीस. शिवाय बुद्धाचे अवशेष आणि सोन्याच्या, चांदीच्या व चंदनाच्या मूर्ति. सम्राट ताइ-त्सुंग यानें मनाई मोडल्याबद्दल त्याला दोष दिला नाहीं. त्याला पोथ्यांपेक्षां पश्चिमेकडील देशांची माहिती हवी होती. त्यानें प्रवासाचें वर्णन लिहिण्यास सांगितलें, आणि ६४६ सालीं तें बारा भागांत तयार झालें. लेखनाला पिएन-ची या भिक्षूचें साहाय्य होतें. स्वतः पाहिलेले एकशें दहा आणि ऐकलेले अठ्ठावीस देश त्यांत आले आहेत. प्रत्येक देशाचा विस्तार, राजधानीचा घेर, भूमि, हवा, पिकें, लोकांचा स्वभाव, आणि तेथून पुढच्या देशाची दिशा व अंतर असा त्याचा क्रम आहे. सोळा वर्षांचीं इतकीं मापें नुसत्या स्मरणावर सांगितलीं असतील, हें संभवत नाहीं. वाटेंत टिपणें केलीं असलींच पाहिजेत. पळसाच्या रानांत, सिंधूच्या पाण्यांत आणि पामीरच्या पायथ्याशीं इतकें सामान गेलें, तरी हा ऐवज सुखरूप राहिला.

ह्युएनत्संग आणि त्याचे चाहते यांना अपेक्षित नसलेला उपयोग या पुस्तकाचा पुढें झाला. फ्रेंच व इंग्रजी भाषांतरें एकोणिसाव्या शतकांत निघालीं. अलेक्झांडर कनिंगहॅम यानें तीं मापें आणि दिशा हातीं धरून उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, आणि १८७१ सालीं हिंदुस्थानच्या प्राचीन भूगोलावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बरगांवजवळचे ढिगारे म्हणजेच नालंदा, ही ओळख त्या वाटेनें पक्की झाली. येथील लोक ज्या विद्यापीठाची जागा विसरले होते, ती एका परक्या विद्यार्थ्याच्या लेखामुळें सांपडली. १९०७ सालीं ऑरेल स्टाइन तुन-हुआंग येथील लेण्यांत गेला, तेव्हां तेथील पुजाऱ्याचा विश्वास त्यानें ह्युएनत्संगाचें नांव घेऊन मिळविला. त्या पुजाऱ्यानें आपल्या ओसरीच्या भिंतीवर ह्युएनत्संगाच्या कथा रंगवून घेतल्या होत्या. त्यांतील एका चित्रांत खळाळत्या नदीच्या कांठीं पोथ्यांनीं लादलेला घोडा उभा होता आणि त्याला पार नेण्यास एक कासव पोहत येत होतें. तेराशें वर्षांपूर्वींचा सिंधूवरील अपघात लोककथेंत असा उरला होता. स्टाइननें त्या चित्राचा आधार घेऊन पुजाऱ्याला काय पटविलें आणि त्या लेण्यांतून किती पोथ्या बाहेर नेल्या, हें पुष्कळांना ठाऊक आहे. चीनमध्यें त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाहीं, आणि तो अनाठायीं आहे असें म्हणवत नाहीं.

चांगआनला आणलेल्या पोथ्यांची काळजी ह्युएनत्संगाला स्वस्थ बसूं देईना. आग लागेल, पोथ्या पांगतील, ही त्याची भीति. ६५२ सालीं त्यानें त्झु-अन विहारांत त्यांच्यासाठीं मनोरा बांधण्याची परवानगी मागितली. तो दगडाचा व्हावा असें त्याच्या मनांत होतें. सम्राटानें विटांचा करावयास सांगितलें. बांधकाम दोन वर्षें चाललें, आणि पन्नाशीला आलेला हा आचार्य स्वतः टोपली पाठीवर घेऊन विटा व दगड वाहत असे, असें चरित्रांत स्पष्ट लिहिलें आहे. वीस घोड्यांचा तांडा चित्रकाराला एका माणसाच्या पाठीवर घालावासा वाटला, त्याचें समर्थन करावयाचें झालें तर येथें करतां येईल. आज शिआन शहरांत मोठा हंस-मनोरा म्हणून जो उभा आहे, तो त्याच जागीं आठव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां बांधलेला आहे.

मनोऱ्याचें काम निघालें त्याच वर्षीं हिंदुस्थानांतून एक भिक्षु चांगआनला आला. बोधगयेच्या महाबोधि विहारांतील आचार्य प्रज्ञादेव यांनीं त्याच्या हातीं पत्र आणि पांढऱ्या सुती कापडाचीं दोन ठाणें पाठविलीं होतीं. प्रज्ञादेव हीनयान पंथाचे. कनोजला ह्युएनत्संगाशीं त्यांचा वाद झाला होता आणि त्यांत ते हरले होते. तरी पत्रांत लोभच होता. मार्ग दूरचा, म्हणून भेट लहान, ती गोड करून घ्यावी. आणि जे ग्रंथ हवे असतील त्यांचीं नांवें कळवावींत, नकला करून पाठवूं, असा त्याचा मजकूर.

तो भिक्षु ६५४ सालीं परत निघाला, तेव्हां ह्युएनत्संगानें प्रज्ञादेवांना उत्तर दिलें आणि नालंदेचे ज्ञानप्रभ यांनाही पत्र लिहिलें. शीलभद्र निवर्तल्याचें त्याला कळलें होतें. त्याबद्दलचें दुःख त्यांत आहे. प्रज्ञादेवांना तर त्यानें पुन्हां एकदां महायान स्वीकारण्याचा आग्रह केला आहे. जुना वाद तो विसरला नव्हता. योगाचारभूमिशास्त्र धरून लहानमोठ्या तीसांहून अधिक ग्रंथांचें भाषांतर झालें आहे, असेंही कळविलें आहे. अखेरीस त्याच्या हातून पंचाहत्तर ग्रंथ चिनी भाषेंत उतरले आणि ६६४ सालीं तो वारला. पण तें पुढचें. ज्ञानप्रभांच्या पत्राच्या शेवटीं सिंधु ओलांडतांना पोथ्यांचें एक ओझें बुडाल्याचें त्यानें लिहिलें, बुडालेल्या ग्रंथांचीं नांवें खालीं क्रमानें उतरून दिलीं, आणि या बाजूला कोणी येणारा असेल तर त्याच्याबरोबर ते पाठवावेत, अशी विनंति केली. नदीवरच्या त्या दिवसाला सुमारें दहा वर्षें होऊन गेलीं होतीं.